माहितीसाठ्याला बोलते करणारा गणिती

एकाच सर्व्हरवर या क्षणी कोणकोणते डेटाबेस चालू आहेत, हा प्रश्न संगणक केंद्रातील प्रशासकाला वारंवार पडतो. माहितीच्या यंत्रणेला स्वतःविषयी सांगता आले पाहिजे, असा आग्रह धरणारे ब्रिटिश गणितज्ञ एडगर फ्रँक कॉड यांच्या आयुष्याचा आणि या प्रश्नाशी असलेल्या त्यांच्या नात्याचा हा परिचय.

बँकेच्या खात्यात पगार जमा होतो, रेल्वेचे आरक्षण मिळते, विजेचे देयक तयार होते, रुग्णालयात जुन्या तपासण्यांचे अहवाल क्षणार्धात समोर येतात. या प्रत्येक व्यवहाराच्या मागे कोठेतरी एखाद्या सर्व्हरवर डेटाबेस चालू असतो. अशा बहुतेक डेटाबेसची मांडणी एकाच साध्या कल्पनेवर आधारलेली असते. आडव्या ओळी, उभे स्तंभ आणि त्यांतून तयार होणारे तक्ते, एवढीच ती कल्पना. शाळेच्या हजेरीपटासारखी वाटणारी ही मांडणी ज्यांनी गणिताच्या भक्कम पायावर उभी केली, ते एडगर फ्रँक कॉड. संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांचे नाव परीक्षेपुरते पाठ असते. त्या नावामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

ज्या यंत्रावर असे अनेक डेटाबेस एकाच वेळी नांदत असतात, त्याची देखभाल करणाऱ्याचा पहिला प्रश्न अगदी प्राथमिक असतो. या घडीला येथे नेमके काय काय चालू आहे? प्रश्न सोपा वाटतो, पण चुकीचे उत्तर गृहीत धरून यंत्र बंद केले, तर कोणाचे तरी वेतनपत्रक किंवा कोणाचे तरी आरक्षण अर्ध्यावर तुटते. एकाच यंत्रावर अनेक प्रोग्राम एकत्र चालविणे आणि माहितीसाठ्याला स्वतःचे वर्णन स्वतः करायला लावणे, ही दोन्ही कामे कॉड यांनी आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर केली. ती दोन्ही या प्रश्नापाशी येऊन मिळतात. त्यामुळे त्यांच्या चरित्राकडे या अंगाने पाहणे उद्बोधक ठरते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात पोर्टलंड नावाचे एक खडकाळ बेट आहे. तेथे ऑगस्ट १९२३ मध्ये कॉड यांचा जन्म झाला. सात भावंडांत ते धाकटे. वडिलांचा चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय होता, आई शिक्षिका होती. पूल येथील ग्रामर स्कूलमधून शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात दाखल झाले आणि रसायनशास्त्र शिकू लागले. तोवर दुसरे महायुद्ध पेटले होते. शिक्षणाच्या कारणास्तव सैन्यसेवेतून सवलत मिळणे शक्य असूनही १९४२ मध्ये ते स्वेच्छेने हवाई दलात गेले. किनारपट्टीच्या रक्षणासाठी असलेल्या कोस्टल कमांडमध्ये त्यांनी पाण्यावर उतरणारी अवजड संडरलँड विमाने चालविली आणि फ्लाइट लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत मजल मारली. वैमानिकी प्रशिक्षणाच्या निमित्ताने त्यांना अमेरिका पाहायला मिळाली. उड्डाणाची ओढ आणि अमेरिकेचे आकर्षण, या दोन गोष्टी त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिल्या.

युद्ध संपल्यावर ते ऑक्सफर्डला परतले, पण रसायनशास्त्र सोडून गणिताकडे वळले. १९४८ मध्ये पदवी हाती पडताच त्यांनी अमेरिका गाठली. ऑक्सफर्डच्या या गणितज्ञाने न्यूयॉर्कमधील मेसीज या प्रसिद्ध दुकानात काही काळ पुरुषांच्या खेळाचे कपडे विकले, मग टेनेसी विद्यापीठात सहा महिने गणित शिकविले. १९४९ मध्ये आयबीएम कंपनीने त्यांना गणिती प्रोग्रामर म्हणून घेतले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

त्यांच्या वाट्याला आलेले पहिले यंत्र होते सिलेक्टिव्ह सीक्वेन्स इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर. हजारो निर्वात नळ्या आणि रिले यांचे हे धूड मॅनहॅटनमध्ये रस्त्यालगतच्या दालनात ठेवलेले होते आणि येणारे-जाणारे लोक काचेतून ते कुतूहलाने पाहत उभे राहत. अशा यंत्रावर एका वेळी एकच काम चाले. त्यामुळे यंत्रावर काय चालू आहे, हा प्रश्नच तेव्हा उद्भवत नसे. ज्याची पाळी असेल त्याचेच काम यंत्रावर चढलेले असे आणि बाकीच्यांची कामे रांगेत थांबत.

१९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्टांच्या शोधाच्या नावाखाली संशयाचे वातावरण निर्माण केले होते. कॉड यांना ते असह्य झाले. निषेध म्हणून १९५३ मध्ये त्यांनी आयबीएम आणि अमेरिका दोन्ही सोडून कॅनडातील ओटावा गाठले. नोकरीत नुकताच जम बसलेल्या तिशीतल्या माणसाने तत्त्वापायी असा निर्णय घ्यावा, यातून त्यांचा स्वभाव कळतो. एखादी गोष्ट चुकीची आहे असे पटले, की तडजोड करायची नाही, हा बाणा त्यांनी पुढे शास्त्रीय वादांतही कायम ठेवला. त्याची किंमतही मोजली.

कॅनडात चार वर्षे काढल्यावर जुन्या वरिष्ठाशी योगायोगाने गाठ पडली आणि १९५७ मध्ये ते आयबीएममध्ये परतले. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे तेव्हा स्ट्रेच नावाच्या महत्त्वाकांक्षी संगणकाची रचना चालू होती. त्या काळी यंत्राचा बराच वेळ वाया जाई. छिद्रपत्रे वाचली जाईपर्यंत किंवा चुंबकीय फितीवर नोंद होईपर्यंत गणना करणारा महागडा भाग नुसता ताटकळत राही. एक प्रोग्राम असा थांबलेला असताना दुसऱ्या प्रोग्रामला ती जागा का देऊ नये, हा विचार प्रत्यक्षात आणणाऱ्या गटाचे नेतृत्व कॉड यांच्याकडे आले. परस्परांशी काहीही संबंध नसलेले, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले प्रोग्राम एकाच यंत्रात एकत्र नांदावेत आणि एकाने दुसऱ्याच्या स्मृतीत पाय टाकू नये, यासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह केलेले काम मल्टिप्रोग्रामिंग या नावाने ओळखले जाते. त्यावरचा त्यांचा पहिला निबंध १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. हातातल्या मोबाइलपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत सर्वत्र ही कल्पना आज इतकी रुळली आहे, की तिला कोणी जनक असेल असे वाटतही नाही.

यंत्रात एकाच वेळी अनेक कामे चालू लागली, तशी एक नवी गरजही निर्माण झाली. यंत्रात कोण आले, कोण गेले, कोण थांबले आहे आणि कोणाला किती जागा दिली आहे, याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी होती. ही नोंदवही सांभाळण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेले. आज सर्व्हरवर चालू प्रक्रियांची यादी मागविली, की समोर येते ती याच नोंदवहीची प्रत.

१९६१ मध्ये आयबीएमच्या शिष्यवृत्तीवर कॉड मिशिगन विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झाले. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने स्वतःचीच प्रतिकृती तयार करू शकणाऱ्या काल्पनिक यंत्राची मांडणी केली होती. चौकटींच्या जाळ्यातील प्रत्येक चौकट एकोणतीस अवस्थांपैकी एका अवस्थेत असू शकेल, अशी त्या यंत्राची रचना होती. हेच काम केवळ आठ अवस्थांत होऊ शकते, असे कॉड यांनी सिद्ध केले. १९६५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. गुंतागुंतीच्या रचनेतून अनावश्यक ते काढून टाकायचे आणि उरलेल्या मोजक्या नियमांतून सगळे काही साधायचे, ही त्यांची पद्धत या प्रबंधात दिसते.

त्यानंतर १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत दाखल झाले. डेटाबेसकडे ते वळले त्यामागे एक किस्सा सांगितला जातो. एका डेटाबेस कंपनीचा प्रतिनिधी आपल्या उत्पादनाचे सादरीकरण करीत होता. माहितीविषयी बोलणाऱ्या या माणसाला तर्कशास्त्राचा गंधही नाही, हे पाहून कॉड चकित झाले आणि या क्षेत्राला गणिताची शिस्त लावण्याची आवश्यकता त्यांना जाणवली.

तेव्हाचे डेटाबेस कसे होते? आयबीएमच्याच आयएमएस या प्रणालीत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली असे. अपोलो चांद्रमोहिमेच्या लक्षावधी सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या गरजेतून ती जन्माला आली होती. चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये विकसित केलेल्या दुसऱ्या पद्धतीत नोंदी एकमेकींना दुव्यांनी जोडलेल्या असत. दोन्हींत एक अडचण समान होती. हवी ती नोंद मिळविण्यासाठी प्रोग्रामरला वाट ठाऊक असावी लागे. कोणत्या फांदीवरून चढायचे, कोणता दुवा धरायचा, हे सारे प्रोग्राममध्ये लिहावे लागे. साठ्याची रचना बदलली, की प्रोग्राम मोडत. एखाद्या जुन्या वाड्यात वस्तू शोधायला त्या घरातल्या जुन्या माणसालाच सोबत न्यावे लागावे, तशी ही स्थिती होती.

कॉड यांनी ही वाटच काढून टाकली. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळ तिच्यातील मूल्यांवरून ओळखता यावी आणि हवे ते काय, एवढेच वापरणाऱ्याने सांगावे. ते कोठून आणि कसे आणायचे, ते यंत्राने पाहावे. या तक्त्याला त्यांनी गणितातील ‘रिलेशन’ ही संज्ञा वापरली आणि त्यावरून अशा डेटाबेसना रिलेशनल हे नाव पडले. तक्ते एकमेकांशी संबंधित असतात म्हणून हे नाव आले, असा समज सर्वत्र आढळतो, पण तो खरा नाही. १९६९ मध्ये त्यांनी ही मांडणी कंपनीच्या अंतर्गत अहवालात केली आणि जून १९७० मध्ये असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संस्थेच्या मासिकात अवघ्या अकरा पानांचा निबंध प्रसिद्ध केला. यंत्राच्या पोटात माहिती कशी रचली आहे हे जाणून घेण्याची गरजच वापरणाऱ्याला पडू नये, हा त्या निबंधाचा गाभा होता.

या निबंधाचे स्वागत थंडपणे झाले. मांडणी गणिती होती, वाचायला अवघड होती आणि आयबीएमला आयएमएसपासून चांगले उत्पन्न मिळत होते. आपल्याच चालत्या दुकानासमोर दुसरे दुकान मांडण्याची कंपनीला घाई नव्हती. १९७४ मध्ये मिशिगनमधील अॅन आर्बर येथे, जेथे कॉड यांनी डॉक्टरेट मिळविली त्याच गावात, बाकमन आणि कॉड यांच्यात जाहीर वाद झडला. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक बाकमन यांना आदल्याच वर्षी मिळाले होते. त्यांच्या दृष्टीने प्रोग्रामर हा माहितीच्या सागरातला कुशल दर्यावर्दी होता. युद्धात प्रत्यक्ष समुद्रावर विमान चालविलेल्या कॉड यांचे म्हणणे नेमके उलट होते. सामान्य माणसाला हिशेबाचा एक आकडा हवा असेल, तर त्यासाठी त्याने दिशा शोधत का फिरावे?

कॉड यांच्या मांडणीची ताकद त्यांच्या तरुण सहकाऱ्यांना आधी उमगली. आपल्या वरिष्ठापेक्षा जास्त पगार घेणारे कर्मचारी कोण, अशा प्रकारचा प्रश्न जुन्या पद्धतीत विचारायला कित्येक पानांचा प्रोग्राम लागे. कॉड तो एका ओळीत लिहून दाखवीत. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या कल्पनेला इंग्रजी वाक्यासारखे रूप देणारी सीक्वेल ही भाषा तयार केली. नावाच्या हक्काचा प्रश्न आल्याने पुढे ती एसक्यूएल झाली. आयबीएमने सिस्टिम आर हा प्रायोगिक प्रकल्प उभारला, तर बर्कले येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी इंग्रेस तयार केले. आयबीएमच्या संशोधकांनी आपले निबंध खुलेपणाने प्रसिद्ध केले होते. ते वाचून लॅरी एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या छोट्या कंपनीने १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणले. आयबीएमचे स्वतःचे पहिले रिलेशनल उत्पादन १९८१ मध्ये आले आणि डीबी२ १९८३ मध्ये. ज्या घरात कल्पना जन्मली, ते घरच बाजारात उशिरा पोहोचले.

१९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले. १९८४ मध्ये त्यांनी आयबीएम सोडली आणि ख्रिस डेट व शॅरन वाइनबर्ग यांच्यासह सल्लागार संस्था काढली. शॅरन पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. आता रिलेशनल हा शब्द प्रतिष्ठेचा झाला होता आणि जुन्याच मालावर ही नवी चिठ्ठी चिकटविण्याची चढाओढ लागली होती. या भेसळीने अस्वस्थ झालेल्या कॉड यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये कॉम्प्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात आपले बारा नियम जाहीर केले. शून्यापासून मोजणी असल्याने प्रत्यक्षात ते तेरा आहेत. या कसोटीला बाजारातील एकही उत्पादन पूर्णपणे उतरत नव्हते.

त्यांतील चौथा नियम आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. साठ्यात कोणते तक्ते आहेत, त्यांचे स्तंभ कोणते, कोणाला काय पाहण्याची मुभा आहे, ही सगळी माहितीसुद्धा तक्त्यांतच ठेवलेली असावी आणि अधिकृत व्यक्तीला ती नेहमीच्याच भाषेत विचारता यावी, असे हा नियम सांगतो. यंत्रणेविषयीची माहिती वेगळ्या वहीत, वेगळ्या माणसाच्या डोक्यात किंवा वेगळ्या भाषेत राहता कामा नये. ग्रंथालयाची सूची कपाटात कुलूपबंद न ठेवता तीही पुस्तकांसारखीच वाचकाला चाळता यावी, अशी ही कल्पना आहे. माहितीसाठ्याला आपण बोलते करू शकतो, ते या नियमामुळे.

आता सर्व्हरवरच्या त्या प्रश्नाकडे येऊ. ओरॅकलच्या परिभाषेत डेटाबेस म्हणजे डिस्कवर पडलेल्या फाइली आणि इन्स्टन्स म्हणजे त्या फाइलींवर काम करण्यासाठी स्मृतीत जागा घेऊन बसलेल्या चालू प्रक्रिया. फाइली असल्या म्हणजे इन्स्टन्स चालू आहेच, असे नव्हे. युनिक्सवर्गीय यंत्रावर ओरॅटॅब नावाची एक फाइल असते. त्या यंत्रावर कोणकोणते ओरॅकल डेटाबेस मांडले आहेत, याची यादी तिच्यात सापडते. पण ही यादी चाळीच्या जिन्याखालच्या नावांच्या फलकासारखी असते. जागा सोडून गेलेल्याचे नाव फलकावर राहिलेले असते आणि नव्या भाडेकरूचे लागलेले नसते. घरात कोण आहे हे पाहायचे, तर कोणत्या खोलीत दिवा लागला आहे, ते पाहावे लागते.

हा दिवा म्हणजे पीमॉन ही प्रक्रिया. ओरॅकलच्या प्रत्येक चालू इन्स्टन्सबरोबर ही देखरेख करणारी प्रक्रिया असतेच आणि तिच्या नावाच्या शेवटी त्या इन्स्टन्सचे नाव जोडलेले असते. चालू प्रक्रियांच्या यादीतून पीमॉन असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या, की त्या यंत्रावर ओरॅकलचे किती आणि कोणते इन्स्टन्स जिवंत आहेत, ते समजते. डीबी२ मध्येही निर्माण केलेल्या इन्स्टन्सची यादी देणारी आज्ञा आहे, पण तीही फलकच वाचून दाखविते. खरी खूण मुख्य प्रक्रियेची. पोस्टग्रेस आपल्या माहितीच्या फोल्डरमध्ये प्रक्रियेचा क्रमांक लिहून ठेवते. यंत्र अचानक बंद पडले तर हा कागद तसाच मागे राहू शकतो, म्हणून तो क्रमांक खरोखर चालू आहे की नाही, हे पडताळावे लागते. विंडोजवर सेवांची यादी पाहिली जाते. एकाच उत्पादनाचे अनेक इन्स्टन्स असतील, तर ते वेगवेगळ्या पोर्टवर कान देऊन बसलेले असतात. एसक्यूएल सर्व्हरचा पहिला इन्स्टन्स सहसा १४३३ वर, पोस्टग्रेसचा ५४३२ वर आणि मायएसक्यूएलचा ३३०६ वर सापडतो. मात्र प्रशासकाने क्रमांक बदललेला असू शकतो. म्हणून एका खुणेवर विसंबून न राहता यादी, प्रक्रिया आणि पोर्ट या तिन्हींचा मेळ घालणारा प्रशासकच शहाणा ठरतो.

एकदा जिवंत इन्स्टन्सचे नाव कळले, की कॉड यांचा चौथा नियम कामाला येतो. ओरॅकलमध्ये व्ही डॉलर इन्स्टन्स नावाचा तक्ता नेहमीच्या एसक्यूएलमध्येच विचारला, की तो इन्स्टन्सचे नाव, यंत्राचे नाव, तो कधी सुरू झाला आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे सारे सांगतो. मात्र हे उत्तर द्यायला तो इन्स्टन्स जागा असावा लागतो, आणि त्याला प्रश्न विचारायचा तर तो आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. दाराच्या आत काय आहे, ते डेटाबेस सांगू शकतो. कोणत्या दारावर थाप मारायची, ते ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारावे लागते. पोकिप्सीत केलेले काम आणि सॅन होजेत केलेले काम, दोन्हींचा आधार घेतल्याशिवाय हा साधा प्रश्न सुटत नाही.

हे अज्ञान किती महाग पडू शकते, याचा प्रत्यय २५ जानेवारी २००३ रोजी आला. भारतात तेव्हा शनिवारची सकाळ होती. स्लॅमर नावाच्या संगणकीय किड्याने मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० मधील एका त्रुटीचा फायदा घेतला. ही त्रुटी होती, यंत्रावर कोणते इन्स्टन्स कोणत्या पोर्टवर आहेत हे विचारणाऱ्याला सांगणाऱ्या सेवेत. पोर्ट क्रमांक १४३४. अवघ्या ३७६ बाइटचा हा किडा सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत गेला. साधारण दहा मिनिटांत लागण होऊ शकणाऱ्या बहुतेक यंत्रांना त्याने गाठले. बाधित यंत्रांची संख्या किमान पंचाहत्तर हजार होती. बँक ऑफ अमेरिकाची हजारो एटीएम यंत्रे काही काळ बंद पडली आणि दक्षिण कोरियातील इंटरनेट सेवा कोलमडली.

त्रुटी दुरुस्त करणारी पुरवणी मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच उपलब्ध करून दिली होती. अनेकांनी ती निष्काळजीपणाने लावली नव्हती, हे खरे. पण अनेकांना आपल्याला ती लावायची आहे, हेच माहीत नव्हते. एसक्यूएल सर्व्हरचे मोफत छोटे रूप इतर अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात गुपचूप येऊन बसले होते. आपल्या यंत्रावर डेटाबेस चालू आहे, हे त्या यंत्राच्या मालकालाच ठाऊक नव्हते. वापरणाऱ्याला आतली रचना ठाऊक असण्याची गरज नसावी, हे कॉड यांचे म्हणणे रास्तच होते. पण वापरणाऱ्याचे हे निश्चिंत अज्ञान कोणाच्या तरी जागरूक ज्ञानावर उभे असते. ते ज्ञान देखभाल करणाऱ्याकडेही नसेल, तर सोयीचे रूपांतर धोक्यात व्हायला दहा मिनिटे पुरतात.

कॉड यांचा उत्तरकाळ निर्विवाद नव्हता. ज्या एसक्यूएलमुळे त्यांची कल्पना जगभर पोहोचली, तिच्यावरच ते कठोर टीका करीत राहिले. तक्त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा येऊ देणारी ही भाषा त्यांच्या गणिताशी प्रामाणिक नव्हती, असे त्यांचे मत होते. १९९० मध्ये त्यांनी आपल्या प्रारूपाची सुधारित आवृत्ती ग्रंथरूपाने मांडली; त्यात नियमांची संख्या शेकड्यांत गेली आणि उद्योगाने ती फारशी मनावर घेतली नाही. १९९३ मध्ये माहितीच्या विश्लेषणासाठी ओलॅप ही संज्ञा रूढ करणारा आणखी बारा नियमांचा लेख त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिला. मात्र तो आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीच्या पैशाने लिहिला गेला होता आणि हे वाचकांना सांगितले गेले नव्हते, असे उघड झाल्यावर कॉम्प्युटरवर्ल्डने तो मागे घेतला. बाजारातील भेसळीविरुद्ध नियम लिहिणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीवर हा डाग राहिला. त्यांच्या मूळ कामाची थोरवी त्यामुळे कमी होत नाही. पण चरित्र सांगताना तो झाकणेही योग्य नव्हे.

फ्लोरिडातील विल्यम्स आयलंड येथील राहत्या घरी १८ एप्रिल २००३ रोजी हृदयविकाराने कॉड यांचे निधन झाले. ते एकोणऐंशी वर्षांचे होते. स्लॅमरच्या त्या शनिवारला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. डेटाबेस क्षेत्रातील मूलगामी कामासाठी दिल्या जाणाऱ्या सिगमॉड संघटनेच्या पारितोषिकाला २००४ पासून त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या निधनानंतरच्या काळात डेटाबेस कोठे चालतो, हे सांगणे आणखी अवघड झाले. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे आली, त्यांत कंटेनर आले, क्लाउडमध्ये तर यंत्र डोळ्यांनी दिसेनासेच झाले. कॉड यांनी वापरणाऱ्याला दिलेले अज्ञानाचे सुख आज पूर्णत्वाला पोहोचले आहे असे म्हणता येईल. देखभाल करणाऱ्याचा प्रश्न मात्र तोच उरला आहे. पुणे, मुंबई, बेंगळुरूच्या संगणक केंद्रांत रात्रपाळीला बसलेला प्रशासक यंत्र बंद करण्याची आज्ञा देण्यापूर्वी आधी प्रक्रियांची यादी मागवितो, मग प्रत्येक इन्स्टन्सला त्याचे नाव आणि अवस्था विचारतो, आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावरच पुढे जातो. ही दोन पावले टाकायला त्याला मिनिटभरही लागत नाही, आणि त्या दोन्हींच्या मुळाशी पोर्टलंड बेटावर जन्मलेल्या एकाच माणसाचे काम आहे.